विरोधात कोणी नाही ना

चौदा हा आकडा कानावर पडला तेव्हा हृषिकेश दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि नाडी तशीच बोटांत राहिली. आतल्या खोलीत अन्वी आरशासमोर उभी राहून उद्याच्या रेफेराटची तालीम करत होती. इतिहासाच्या तासाला वर्गासमोर उभे राहून एका विषयावर बोलायचे असते. तिच्या वाट्याला पूर्व जर्मनीची संसद आली होती, फोल्क्सकामर. गेले काही दिवस घरात तिच्या पाठांतराची गुणगुण चालू होती आणि त्याने ती हीटरच्या आवाजासारखी ऐकून सोडून दिली होती. पाचशे सदस्य. वर्षातून मोजक्या बैठका. कोणत्या पक्षाला किती जागा हे निवडणुकीआधीच ठरलेले. मतदाराने नावांची एकच यादी घ्यायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. लोक मतदानाला निघताना ‘घडी घालायला जातो’ असे म्हणत. सभागृहात हात वर, मंजूर. पुन्हा हात वर, मंजूर. आणि मग तिचा तो स्वच्छ, किंचित इथल्या श्वाबियन बोलीच्या हेलाचा आवाज जर्मनमध्ये म्हणाला की मार्च एकोणीसशे बहात्तरमध्ये गर्भपाताच्या कायद्यावर चौदा जणांनी विरोधात मत दिले, आठ तटस्थ राहिले, आणि बर्लिनची भिंत पडेपर्यंतच्या चार दशकांत असे फक्त त्या एका दिवशी घडले.

हृषिकेश एका पायात बूट घालून तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ते चौदा. पुन्हा म्हण.”

“पापा, एकच बूट घातलायस तू,” ती आरशातूनच जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळे कळे. उत्तर मात्र बाराव्या वर्षानंतर तिने त्या भाषेत दिले नव्हते.

“एकदाच? खात्रीने?”

“गेनाऊ, अगदी. एकदाच.”

स्वयंपाकघरातून शिवांगी म्हणाली, “हृषी, मंडळाची सभा अडीचची आहे. अनुमोदक उशिरा पोचला तर पद्माकरराव स्वतःच सूचना मांडतील, स्वतःच अनुमोदन देतील आणि स्वतःच टाळ्या वाजवतील.”

त्याने दुसरा बूट चढवला, पण मनगटात काहीतरी धडधडू लागले होते. गेर्लिंगेनमध्ये त्याचे काम असे होते की उपकरण जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचे. चाचणीच्या बाकावर पंप फिरत असतो, त्यावरचे संवेदक दाब, तापमान, कंपने सांगत असतात, आणि ते खरे सांगतात का हे तपासणारा माणूस म्हणून त्याला पगार मिळत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पंपाच्या दाबाचा आलेख पडद्यावर दोरी ताणल्यासारखा सरळ येत होता. सगळे खूश होते. विभागप्रमुख येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत आणि किती स्थिर आहे बघा म्हणत. हृषिकेशला ती रेघ बघून झोप लागेना. जगातली कुठलीही खरी गोष्ट इतकी सरळ नसते. पाण्याचा दाबसुद्धा थोडा थरथरतो. शेवटी त्याने बाकाखाली घुसून बघितले तर तार खोबणीतून निसटलेली होती, आणि यंत्र इतके दिवस आपल्याच पोटातला एक ठरावीक आकडा प्रामाणिकपणे दाखवत बसले होते. काटा हलत नाही याचे अर्थ दोन: मोजायची वस्तू खरोखर हलत नाही, किंवा तार तुटलेली आहे. या दोहोंतला फरक सांगायला एक थरथर पुरते. मार्च बहात्तरमध्ये ती थरथर आली होती. त्या सभागृहाची तार तुटलेली नव्हती. पाचशे माणसांत रक्त वाहत होते आणि एका दिवशी ते आलेखावर उमटले होते. याचा आपल्याला एवढा आनंद का व्हावा, हे त्याला सांगता आले नसते. आपल्या जन्माआधीची, आपला काडीचाही संबंध नसलेली घटना. तरी पार्किंगकडे जाताना तो जवळजवळ पळत होता.

गाडी लेओनबर्गच्या वळणावर आली तेव्हा त्याने पुन्हा विषय काढला. सभेनंतर अन्वीला बोब्लिंगेनला मैत्रिणीकडे सोडायचे होते, म्हणून ती मागच्या सीटवर होती.

“त्या चौदा जणांना नंतर त्रास झाला का?”

अन्वीने एका कानातले इअरफोनचे बोंडूक काढले. “नाही. तेच तर आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “त्यांना आधीच सांगितलं होतं, या वेळी चालेल. चर्चचे लोक होते ते, त्यांच्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. बाई उद्या हेच विचारणार. परवानगी घेऊन केलेला विरोध हा विरोध असतो का.”

“मग तू काय सांगणार?”

“बघू. अजून ठरलं नाही.”

हृषिकेशला कोणीतरी बाकाखाली ढकलून निसटलेली तार दाखवावी तसे वाटले. त्याच्या धंद्यातही असे करतात: काटा अडकू नये म्हणून यंत्राला मुद्दाम बारीक हादरे देत ठेवतात. ते हादरे आलेखावर दिसतात, खऱ्या थरथरीसारखेच दिसतात, आणि त्यांना काहीही अर्थ नसतो. चौदा म्हणजे तसा हादरा असू शकेल. सरकारने स्वतःच्या हाताने दिलेला, परदेशी पाहुण्यांना दाखवायला सोयीचा. हे मान्य करूनही मनगटातली धडधड कमी होत नव्हती. दार उघडे होते हे खरे. पण दारातून बाहेर पडायला पाय ज्याचे त्याचेच लागतात. ज्यांना परवानगी होती त्या सगळ्यांनी काही ती वापरली नसणार. आतापर्यंत हजार वेळा एकाच दिशेने गेलेला हात त्या दिवशी मांडीवर ठेवून बसायचे, प्रश्न उलटा येईपर्यंत थांबायचे, आणि मग तो एकट्याने वर न्यायचा. खांद्याच्या सांध्यात काय झाले असेल? हे कुठल्या इतिवृत्तात लिहिलेले नसते.

त्याने स्वतःच्या खांद्याचा विचार केला आणि तिथे काहीच नोंद सापडली नाही. पुण्याला सहकारनगरच्या सोसायटीत त्याचे वडील, वासुदेवराव, मानद चिटणीस होते. वार्षिक सभा गच्चीवर भरे, आणि एकूणएक ठराव सर्वानुमते मंजूर होत. लोकांना वाटे वासुदेवरावांचा दरारा आहे. दरारा कसला, सभेच्या आधी ते संध्याकाळी बिऱ्हाडे फिरत, चहा घेत, ऐकून घेत, एखाद्याचा गळका नळ दुरुस्त करून देत, आणि प्रत्येक विरोध त्याच्या त्याच्या स्वयंपाकघरातच विरघळवून येत. सभेत वाद होणे म्हणजे चिटणीस नापास, असे त्यांचे मत होते. त्यात लबाडी नव्हती, माया होती, आणि हृषिकेश त्या मायेतच वाढला होता. घरात प्रश्न येई तोच उत्तर घेऊन येई: सगळ्यांना चालेल ना? यंत्र अभियांत्रिकी चालेल ना? चालेल. मुलगी चांगली आहे, बघायला जाऊ, चालेल ना? चालेल. जर्मनी चालेल ना? चालले, उत्तमच चालले; शिवांगीशी चालले, बर्फाशी चालले. त्याची कशाबद्दल तक्रार नव्हती. पण संमतीला माहिती म्हणून काही किंमत असेल तर ती नाकारण्याच्या शक्यतेतून येते; जी घटना होणारच असते ती घडल्याचे कळून ज्ञानात शून्य भर पडते. या हिशेबाने सेहेचाळीस वर्षांत त्याने स्वतःबद्दल जगाला काहीच कळवले नव्हते. लेओनबर्ग मागे पडले. तो नेहमीपेक्षा जोरात गाडी हाणत होता आणि शिवांगी त्याच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होती.

“तुला आज झालंय काय?”

“मी त्या ठरावाला अनुमोदन देणार नाही बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? तुझं नाव ग्रुपवर आलंय. सूचक ऊर्मिला, अनुमोदक हृषिकेश.”

“मला कोणी विचारलं?”

“पद्माकरराव तुला विचारतील?” शिवांगी हसली. “ते मला सांगतात, तुमच्या घरची इडली मी न विचारता खातो, तर नाव न विचारता नको लिहू?”

यात गैर काही नव्हते. परक्याला विचारायचे असते. हृषिकेश या देशात उतरला त्या नोव्हेंबरात विमानतळावर पद्माकरराव स्वतः आले होते, जादाचा कोट घेऊन. महिनाभर त्याने त्यांच्या सोफ्यावर झोप काढली. ऑसलेंडरबेहर्डमधल्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतल्या, बाईंचे श्वाबियन त्याला कळेना तेव्हा शेजारी उभे राहून ते प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते आणि मधूनच बाईंना हसवतही होते. त्या माणसाने पुढे इथले मराठी मंडळ उभे केले, आणि आता मंडळाच्या ढोलपथकाला सरावाला जागा हवी होती. झिंडेलफिंगेनला मंडळ भरत असलेल्या सभागृहात मोठा आवाज करायला शेजाऱ्यांनी फक्त शनिवारी सकाळी मोकळीक दिली होती, आणि नेमक्या त्याच वेळी नीलिमाताईंचा मराठीचा वर्ग भरत असे. ठराव असा होता की वर्ग ऑनलाइन करण्यात यावा. ऑनलाइन म्हणजे बंद, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तो शब्द निवडला होता. वर्गात सातच मुले होती. ढोलपथकात पस्तीस माणसे. आकडे ढोलाच्या बाजूने होते, आणि आकड्यांशी भांडायची हृषिकेशला सवय नव्हती. पण अन्वी पाच वर्षांची असताना नीलिमाताईंनी स्टीलच्या ताटलीत रवा पसरून त्यात तिचे बोट धरून अक्षरे काढली होती. ‘अ’ नीट जमला नाही की ताटली हलवायची. रवा पुन्हा कोरा होई. अन्वीला काढण्यापेक्षा पुसण्यातच जास्त मौज वाटे. घरी येताना नखांत रव्याचे कण असत.

सभागृहात शिरताच बटाटेवड्यांचा वास आला. चाळीसेक माणसे खुर्च्यांवर कोट टाकून गप्पा मारत होती. पोरे मागच्या भिंतीशी मोबाइलमध्ये मान घालून बसली होती, त्यांत अन्वी जाऊन बसली. नीलिमाताई तिसऱ्या रांगेत कडेला होत्या. आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधणारी ही बाई आपल्या बाबतीत झालेली चूक मात्र कोणाला दाखवायला तयार नव्हती. त्यांनी पर्स मांडीवर उभी धरली होती, जणू बस यायची आहे. पद्माकरराव माइकवर होते आणि रंगात होते. जमाखर्च मंजूर, सर्वानुमते. गणपतीची मूर्ती पेणहून मागवणे, सर्वानुमते. प्रत्येक ठरावाअंती ते म्हणत, “विरोधात कोणी नाही ना,” आणि त्या वाक्याचा सूर शेवटी खाली येई, प्रश्न जसा वर जातो तसा जात नसे. म्हणताना ते पुढचा कागद उलटत. हृषिकेश हे इतकी वर्षे ऐकत आला होता आणि आज पहिल्यांदा मोजत होता: वाक्य आणि टाळ्या यांच्यामध्ये फट किती आहे? एक श्वास मावेल इतकीही नव्हती. त्या फटीत हात घुसवायचा होता.

ऊर्मिलाने, मंडळाच्या चिटणीसबाईंनी, ठराव वाचला. आवाज जरा घाईचा होता; तिलाही वाचवत नसावे. पद्माकरराव म्हणाले, “नीलिमाताईंनी इतकी वर्षं केलेल्या कार्याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे. त्यांचा सत्कार आपण गणपतीत करूच. विरोधात कोणी नाही ना.”

हृषिकेशने हात वर केला. खांद्याच्या सांध्यात नेमके काय होते ते आता त्याला कळले: आधी एक थंड टोक टोचते, मग सबंध दंड हलका होतो, आपला नसल्यासारखा वर तरंगतो, आणि कानात समुद्र येतो. भय त्यात होतेच, पण भयापेक्षा कितीतरी मोठा, लहान मुलासारखा हर्ष होता. काटा हलला होता.

पद्माकररावांनी त्याच्याकडे बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे बघा, अनुमोदक तर कधीचा तयार आहे. लिहा हो ऊर्मिला, अनुमोदन हृषिकेश. सर्वानुमते मंजूर.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये त्याचा हात वरच होता.

वर गेलेल्या हाताला अधिक-उण्याचे चिन्ह नसते. ते मोजणारा लावतो. हे त्या क्षणी त्याला इतके स्वच्छ दिसले की तो हसला असता. त्या पाचशे लोकांच्या सभागृहातही एखाद्या सदस्याचा हात कधी चुकीच्या क्षणी, भलत्या अर्थाने, रागाने, अगदी खिडकी उघडा म्हणायला वर गेला असेल, आणि कोणीतरी तो होकारात जमा केला असेल. कुणास ठाऊक. याला पुरावा नव्हता आणि पुराव्याशिवाय काही मानायचे नाही असा त्याचा रिवाज होता. पण आपल्या या एका हाताचा साक्षीदार तो स्वतः होता. तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे सरकताना किंचाळली आणि टाळ्या थांबल्या.

“पद्माकरराव, मी विरोधात हात वर केला होता.”

मागून कोणीतरी म्हणाले, “घ्या, अनुमोदकच फुटला,” आणि हशा झाला. पद्माकररावही हसले, पण अर्धवट.

“हृषी, विरोध नक्की कशाला? वडे गार होतायत.”

“ठरावाला.”

“अरे, तुझं नाव छापलंय त्यावर.”

“छापायच्या आधी विचारायचं ना.”

“मी तुला विचारायचं?” माइक त्यांनी नकळत खाली घेतला होता, त्यामुळे पुढचे फक्त पुढच्या रांगांनाच ऐकू आले. “घरच्या माणसाला?”

तो जाड कोट हृषिकेशला आठवला. बाही लांब होती, कॉलरला ओव्याचा वास होता. हा घाव बसणार हे त्याला गाडीतच माहीत असायला हवे होते. “हो,” तो म्हणाला. “घरच्या माणसालाच. विचारा.”

पद्माकररावांनी माइक वर घेतला. “बरं. विचारतो. काय म्हणणं आहे तुमचं, साहेब?”

भाषण त्याच्याजवळ नव्हते. “सातच मुलं आहेत, मान्य. ढोलाला शेताकडेची एखादी शेड बघू, मी येतो शोधायला, तिथे रोज वाजवा. पण ऑनलाइन म्हणजे बंद, हे आपल्याला सगळ्यांना माहितेय. रव्याची ताटली ऑनलाइन होत नाही.” एवढे बोलून तो थांबला. “माझं एक मत विरोधात लिहा. एवढंच.”

“मग मोजावं लागेल,” ऊर्मिला हळूच म्हणाली. “फेरआइनचा, म्हणजे आपल्या संस्थेचा नियमच आहे तसा. एकही विरोध आला तर मोजायचं.”

“मोजायचं कसं?” पद्माकररावांनी विचारले, आणि ते खरोखरच विचारत होते. मंडळाच्या इतिहासात कधी मोजले गेले नव्हते.

सभागृहात एक कुजबुज धावत गेली आणि हृषिकेशला तिच्यात आपल्या मनगटातलीच धडधड ऐकू आली. तो बसला. अन्वीच्या टिपणांतली दुसरी गोष्ट त्याला आता आठवली, जी ऐकून सोडून दिली होती. भिंत पडल्यावर त्या फोल्क्सकामरची एकदाच मोकळी निवडणूक झाली. आणि खऱ्या मतांनी भरलेल्या त्या सभागृहाने काही महिन्यांतच, हात मोजून, आपले राज्य पश्चिमेत विलीन करण्याचे ठरवले. बासष्ट विरोधात होते. काटा नीट चालू लागला आणि पहिली मोठी गोष्ट त्याने मोजली ती स्वतःचा शेवट. मोजणे धोक्याचे असते, हे वासुदेवरावांना ठाऊक असणार. उद्या मंडळ फुटेल, दोन गणपती बसतील. तरी त्याला थांबावेसे वाटले नाही.

ठरावाच्या बाजूचे हात वर गेले. पद्माकररावांनी बोटाने मोजले, ऊर्मिलाने वेगळे मोजले, आणि आकडे जुळले नाहीत, कारण काही हात कोपरापर्यंतच वर होते. “वेदांत, हा हात आहे की केस सावरतोयस?” पद्माकररावांनी विचारले. वेदांत, ढोलपथकातला उंच पोरगा, लाजून म्हणाला, “केस, काका.” पुन्हा मोजले. एकवीस. मग विरोधात. हृषिकेशने हात वर केला. शेजारी शिवांगीने, तुझ्याशी घरी बोलते अशा नजरेने त्याच्याकडे बघत, आपला केला. मागे वळून बघायचे त्याने कटाक्षाने टाळले. ऊर्मिलाने आकडा सांगितला: अकरा. त्यांत एक ऊर्मिलाचाच होता, आणि तो तिने पद्माकररावांच्या नाकासमोर धरला होता. तटस्थ? काही हात चाचरत वर आले, वेदांतचा आला, आणि तिसऱ्या रांगेच्या कडेला, पर्सच्या वर, नीलिमाताईंचा.

“ठराव...” पद्माकरराव अडखळले, योग्य शब्द त्यांना शोधावा लागला. “बहुमताने मंजूर.” टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना, म्हणून सगळे उठून वड्यांकडे गेले.

पहिला वडा पद्माकररावांनी आणून हृषिकेशच्या हातात दिला. “घे. विरोधी पक्षालाही मिळतो. आणि शेड शोधायला येतो म्हणालास ते मी ऐकलंय.” ते रागावले होते; पण चटणी त्यांनी आठवणीने वेगळी दिली होती, त्याला लसूण चालत नसे म्हणून.

नीलिमाताई जरा वेळाने आल्या. “मी तटस्थ राहिले,” त्या म्हणाल्या. “आपल्याच वर्गासाठी हात वर करवेना हो.”

“काही उपयोग झाला नाही, ताई. वर्ग गेलाच.”

“हॉल गेला,” त्या म्हणाल्या. “मी येताना धरून चालले होते, एकही नसेल. आता अकरा जण कोण ते मला माहितेय. दहाएक घरं झाली. कोणाच्या तरी दिवाणखान्यात शनिवारी सात पोरं मावतीलच.” पर्स आता त्यांच्या खांद्यावर गेली होती. “तुमच्यापासून सुरुवात करते. चालेल?”

ते उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होते, आयुष्यभर तयार होते. त्याने ते तिथेच धरून ठेवले. शिवांगीकडे बघितले, तिने खांदे उडवले, म्हणजे तिची हरकत नव्हती. मग तो मागच्या भिंतीकडे वळला. अन्वी उठून उभी होती, कानांतली दोन्ही बोंडके मुठीत, आणि किती वेळ उभी होती कोण जाणे.

“अन्वी, शनिवारी सकाळी आपल्या घरी ताईंचा वर्ग घ्यायचा म्हणतायत. विचारतोय मी तुला. चालेल?”

अन्वीने त्याच्याकडे, मग ताईंकडे बघितले. विचार करायला तिने तिला हवा तेवढा वेळ घेतला.

“नाही,” ती मराठीत म्हणाली. “सकाळी मी झोपते. अकरापासून घ्या.”

नीलिमाताई हसू लागल्या. हृषिकेशच्या मनगटात पुन्हा तेच सुरू झाले. गार झालेला वडा हातात धरून तो उभा राहिला, आणि वर्ग अकरापासून भरेल हे त्याने ऊर्मिलाला दोनदा सांगितले.